खलील कूलरवाल्यावर झालेला परिणाम

भद्रकालीच्या मागच्या गल्लीत माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे आणि त्याला लागून खलील शेखची पत्र्याची शेड. मधली भिंत एकच. पलीकडे तो पत्रा ठोकायला लागला की गिऱ्हाईक काय बोलतंय ते मला ओठांवरून ओळखावं लागतं. इतक्या वर्षांत त्याची एवढी सवय झालीय की खलील गावाला गेला आणि शेड बंद असली की माझंच काहीतरी हरवल्यासारखं होतं.

या खलीलवर संशोधन झालं आहे. ते कॉलेजात जमा आहे, जाड पुठ्ठ्यात बांधलेलं, वर सोनेरी अक्षरं. पण त्यात तो 'प्रतिसादक क्रमांक एक' आहे, आणि प्रतिसादक क्रमांक एक हा माणूस कसा आहे हे त्यातून काही कळत नाही. म्हणून मी सांगतो.

खलीलचे वडील ट्रंका बनवायचे. लग्नात मुलीला द्यायच्या, झाकणावर गुलाबाचं फूल रंगवलेल्या. पुढे चाकांच्या बॅगा आल्या आणि ट्रंकांना कुणी विचारेना. वडील गेले, शेड खलीलकडे आली. तो बिचारा कधी डबे कर, कधी कोंबड्यांची खुराडी कर, असं करत दिवस काढत होता.

त्या काळात नाशिकमध्ये कूलर विकायची गोष्ट कुणी काढली असती तर लोकांनी त्याला हसून घरी पाठवलं असतं. नाशिककरांना आपल्या हवेचा भारी अभिमान. मुंबईचा पाहुणा आला की त्याला आधी गच्चीवर नेऊन हवा दाखवायची आणि मग चहा द्यायचा, अशी पद्धत. घरात पंखा असायचा, पण तो डास हाकलायला.

मग एक उन्हाळा असा आला की खलीलची आई, गुलजारबी, अंगभर घामोळ्या घेऊन शेडच्या दारात येऊन बसल्या. म्हणाल्या, "जगाच्या पोरींसाठी या घरात पेट्या झाल्या. आता आईसाठी एक गार पेटी कर."

खलीलने पडून राहिलेल्या एका ट्रंकेला तिन्ही बाजूंनी खिडक्या कापल्या. मी जुन्या पंख्याची मोटर भरून दिली. खाली पाणी, आत छोटा पंप, खिडक्यांना वाळ्याचं गवत. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या साऱ्या बायका गुलजारबींची तब्येत विचारायला आल्या, आणि उठायचं नाव घेईनात. त्यांना घरी न्यायला नवरे आले, तेही बसले. दुसऱ्या दिवशी खलीलकडे ऑर्डर होती.

तेव्हापासून दर वर्षी ऊन वाढत गेलं आणि खलील वर येत गेला. शेड मागे वाढली. येवल्याचा, चांदवडचा दुकानदार माल न्यायला लागला. गुलजारबी मक्केला जाऊन उमरा करून आल्या. पोरगी कॉलेजात गेली. 'नाशिक तापले' अशी बातमी आली की खलील ती कापून शेडच्या दारावर चिकटवायचा, जणू कुणी त्याचा सत्कार केलाय. "पावसासाठी दुआ मी पण मागतो, बारकूभाऊ," तो मला म्हणायचा, "फक्त तारीख सांगून मागतो. जून अर्धा होऊ दे, मग सावकाश ये." मीही फार दुःखात होतो असं नाही. ऊन वाढलं की मोटरी जळतात, आणि जळालेल्या मोटरी माझ्याकडे येतात.

संशोधन सुरू केलं त्याच्या पोरीने. फलक त्याची थोरली, एम.ए.ला समाजशास्त्र घेतलेली. हुशार, आणि एखादी गोष्ट पटली नाही की खालचा ओठ पुढे काढणारी. तिच्या वर्गाला गायधनी सरांनी एकच विषय दिला होता : 'हवामान बदलाचा सामान्य जनजीवनावरील परिणाम'. तालुके मात्र रेशनसारखे वाटून दिले. एकाला चांदवडचा कांदा, एकीला पेठ-सुरगाण्याची नागली, एकाला त्र्यंबकचा भात. पेठकडच्या एका पाड्यावर तर म्हणे इतके विद्यार्थी येऊन गेले होते की तिथल्या बायकांना आता प्रश्न विचारावा लागत नाही. कॉलेजची गाडी दिसली की त्या पदर सावरून आपणच आटलेल्या विहिरीपाशी जाऊन उभ्या राहतात आणि विचारतात, "फोटो आधी का मागून?"

फलकच्या वाट्याला उरलं नाशिक शहर. शहरात, सरांच्या मते, म्हणावं तसं दुःख नव्हतं. पण पोरगी म्हणाली, घरापासून सुरुवात करते. एका दुपारी ती प्रश्नावली घेऊन शेडमध्ये आली. मी तिथे चहा पीत बसलेलो होतो. ती माणसं घरात हिंदी बोलतात, माझ्यासमोर मराठी, त्यामुळे मुलाखत मराठीतच झाली.

"नाव?" फलकने विचारलं.

"तुला माहीत नाही?" खलील म्हणाला.

"अब्बा, विचारावं लागतं."

"मग लिही. खलील अहमद शेख."

"लिंग?"

खलील माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "पुरुष लिही पोरी. साक्षीला मी आहे."

"गेल्या काही वर्षांत तापमानात वाढ झाल्याचं तुम्हाला जाणवतं का?"

"अल्लाच्या मेहरबानीने, हो."

फलकने पेन थांबवलं, मान हलवली, पुढे गेली. "या वाढीचा तुमच्या उपजीविकेवर काय परिणाम झाला? पर्याय सांगते. अत्यंत वाईट, बराच वाईट, काहीसा वाईट, सांगता येत नाही."

"चांगला झाला."

"तो पर्याय नाहीये."

"का नाही?"

"सरांनी ठेवलेला नाही."

"मग शेवटचा लिही. सांगता येत नाही. मला सांगता येतंय, पण तुझे सर सांगू देत नाहीत."

फलकचा खालचा ओठ पुढे आला. तिने चारही पर्याय तसेच सोडून बाजूच्या कोऱ्या जागेत स्वतःच्या अक्षरात लिहिलं : चांगला.

आतल्या खोलीत खाटेवर गुलजारबी पडून होत्या. क्रमांक दोन त्या झाल्या. त्या म्हणाल्या, "तापायचं तर आमच्या वेळी पण. तेव्हा कुणी विचारायला येत नव्हतं, म्हणून कमी वाटायचं." मग कुशीवर वळून त्यांनी खलीलकडे हात केला. "आणि याला विचार, मागच्या उन्हाळ्यात याच फरशीवर मुतखड्याने लोळत होता, ते कशाने?"

"पाणी कमी प्यालो, त्याने," खलील म्हणाला.

"पाणी का कमी प्यालास?"

"कामात होतो, अम्मी."

"काय काम होतं?"

खलील पुन्हा पत्र्याकडे वळला. काम कूलरचंच होतं. वर पत्र्याचं छप्पर, समोर तापलेला पत्रा, आणि कच्च्या मालाला पाण्याचा थेंब लागला तर गंज धरतो म्हणून सबंध शेडमध्ये चालू कूलर एकही नाही. साऱ्या शहराला गार करणारा हा माणूस बनियनवर ओला टॉवेल टाकून काम करायचा. फलकने हेही लिहून घेतलं, बापाच्या 'चांगला' या शब्दाच्या बरोबर खाली.

गायधनी सरांनी तो कागद वाचला आणि परत केला. तिथलं बोलणं फलकने येऊन मला जसंच्या तसं सांगितलं.

"परिणाम म्हणजे दुष्परिणाम," सर म्हणाले. "ते गृहीतच असतं."

"पण सर, यांना फायदा झालाय."

"तो व्यक्तीला झाला. आपण समाजाविषयी बोलतोय."

"समाज व्यक्तींचाच असतो ना, सर?"

"दुसऱ्या सेमिस्टरला असे प्रश्न पडतात," सर समजुतीने म्हणाले. "चौथ्यापर्यंत जातात."

माणूस वाईट नव्हता. उलट कळवळ्याचा होता. खलीलला दुःख आहे पण ते त्याला दिसत नाही, अशी त्यांची मनापासून खात्री होती. म्हणून ते स्वतः आले. एप्रिलच्या दुपारी, डोक्याला रुमाल बांधून, आमच्या गल्लीत स्कूटर लावून. शेडमध्ये पाऊल टाकल्याबरोबर त्यांचा चष्मा घामाने नाकावरून घसरला. मी त्यांना स्टूल दिलं, खलीलने लिंबू सरबत मागवलं.

"खलीलभाई, तुम्हाला रात्री झोप लागते का?" सरांनी हळुवार सुरुवात केली.

"मस्त लागते. आमच्याकडे कूलर आहे."

"नाही, म्हणजे, भविष्याची चिंता?"

"चिंता होती, साहेब. पावसाळ्यात असायची. आता उन्हाळा मोठा झाला, तर कमी झाली."

सरांनी सरबताचा घोट घेतला. "तुम्ही जे भोगताय, त्याचं तुम्हाला भान नाही. असं होतं."

खलील माझ्याकडे बघून म्हणाला, "बारकूभाऊ, मी काय भोगतोय?"

"मुतखडा," मी म्हटलं.

सरांनी तेवढं टिपून घेतलं. मग कपाळ पुसत राहिले, आणि निघता निघता ओळीने उभ्या असलेल्या कूलरांकडे वळले. त्यांचा फ्लॅट गंगापूर रोडला, सहावा मजला, खिडक्या पश्चिमेला. एसी पर्यावरणाला घातक असतो, म्हणून त्यांनी एकच ठेवला होता, बेडरूममध्ये. हॉलसाठी काही होईल का?

खलीलने त्यांच्यासाठी खास मोठ्या जाळीचा कूलर केला आणि स्वतः जाऊन बसवून आला. येऊन म्हणाला, "फलकचे सर भला माणूस आहे. मी रडावं एवढीच त्यांची इच्छा आहे, बाकी काही मागत नाहीत."

त्या वर्षी एप्रिल असा तापला की खलीलने सगळी ताकद लावली. अंदाजही तसाच होता, यंदाचा उन्हाळा कडक. त्याने पत्रा भरला, माणसं वाढवली. शेड भरली, मागची मोकळी जागा भरली, माझ्या दुकानापुढे कूलर उभे राहिले. मलाच आत शिरायला अंग चोरावं लागायचं. येवल्याच्या उमरने माल नेला आणि आणखी सांगून ठेवला. उमर म्हणजे तिथे एसटी स्टँडजवळ पंख्या-कूलरचं दुकान असलेला, खलीलचा जुना व्यापारी.

मे लागला आणि आठवडा व्हायच्या आत आभाळ भरून आलं.

पहिल्या दिवशी सगळे खूश. वळीव आहे, येईल आणि जाईल. तो आला, पण जाईना. रोज दुपार झाली की अंधारून यायचं आणि कोसळायचं. लग्नाच्या मांडवांत चिखल झाला. ऐन मे महिन्यात लोक स्वेटर घालून आइस्क्रीमच्या दुकानासमोरून जात होते. आंबे पडले, कांदा भिजला, आणि माझ्या दुकानापुढचे कूलर टाक्या काठोकाठ भरून उभे राहिले. कूलरमध्ये पाणी भरायला घराघरांत भांडणं होतात, आणि इथे ते वरून फुकट भरलं गेलं होतं.

उमर फोन उचलेना. चांदवडवाल्याने टेम्पो भरून माल परत पाठवला, वर ताडपत्री न टाकता. खलीलने वाढवलेली माणसं कमी केली, मग जुनीही. मधल्या भिंतीतून आवाज यायचा थांबला. माझ्या गिऱ्हाइकांचं बोलणं मला स्वच्छ ऐकू यायला लागलं आणि मला कामच सुधरेना. एकदा शेडमध्ये डोकावलो तर खलील एका कूलरच्या टाकीतलं पावसाचं पाणी डबड्याने काढून बाहेर फेकत होता. बाहेर पाऊस चालूच होता.

"बारकूभाऊ," तो म्हणाला, "मला वाटायचं, ऊन आपलं आहे."

मी दुसरं डबडं घेतलं.

या सगळ्याची बातमी गायधनी सरांना लागली. त्यांनी फलकला फोन केला. ती शेडमध्येच होती, फोन स्पीकरवर होता, मी ऐकलं.

"वडिलांचं समजलं," सर म्हणाले. "फारच वाईट झालं. छान. म्हणजे, प्रकल्पाच्या दृष्टीने म्हणतोय मी. आता ते नमुन्यात बसतात. मुलाखत परत घे. लगेच घे, ताजं असताना."

फलकने फोन ठेवला आणि म्हणाली, "मी नाही विचारणार. दुसरा विषय घेईन, नाहीतर वर्ष सोडेन."

खलील कूलरवर बसला होता. म्हणाला, "वर्ष कशाला सोडतेस? माझा हंगाम गेला तेवढा पुरे. विचार. आता तुझ्या सरांकडे पर्याय आहे माझ्यासाठी."

तिने विचारलं. त्याने 'बराच वाईट' सांगितलं. गुलजारबी आतून ओरडल्या, "अत्यंत लिही, अत्यंत! हा बापासारखाच आहे, कमी करून सांगतो." फलकने 'बराच'च लिहिलं.

सरांना त्यावरून परिसंवाद सुचला. ऑक्टोबरमध्ये, कॉलेजच्या मोठ्या सभागृहात. विषय : 'हवामान बदलाचे बळी : थेट संवाद'. त्यांनी खलीलचा फोटो मागवला. खलीलने ईदेला काढलेला हसरा फोटो दिला. तो परत आला. हसू नका, असं सांगून दुसरा काढून नेला. मग जाहिरात तयार झाली आणि व्हॉट्सअॅपवर फिरली. वर काळी पट्टी, मधे खलीलचा उतरलेला चेहरा, खाली ठळक अक्षरांत 'हवामान बदलाचे बळी', आणि त्याखाली : खलील शेख, कूलर उत्पादक, नाशिक.

गुलजारबींनी ती बघितली आणि विचारलं, "बळी म्हणजे? बकऱ्याला म्हणतात ते?"

"तसंच काहीतरी, दादी," फलक म्हणाली.

"पण हा तर जिवंत आहे."

हे गल्लीला माहीत होतं. येवल्यात माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उमर हजर. मेपासून फोन न उचलणारा उमर, पांढरे कपडे, डोक्यावर टोपी, डोळे लाल. पहिल्या गाडीने निघाला होता. शेडच्या दारातच त्याने माझे हात धरले. "कधी झालं, बारकूभाऊ? मला कुणी सांगितलंसुद्धा नाही. शेवटी शेवटी मी त्याचा फोन घेतला नाही, आता वरती काय तोंड दाखवू?" तेवढ्यात खलील आतून चहाचा ग्लास घेऊन बाहेर आला. उमर जो मागे सरकला तो माझ्या दुकानापुढच्या कूलरांवर जाऊन आपटला.

हसणं, रडणं, शिव्या, सगळं एकदम झालं. उमर दुपारी बिर्याणी खाऊन गेला. जाताना मान खाली घालून म्हणाला, पडून राहिलेल्यातले थोडे कूलर पाठव, पुढच्या वर्षी बघू. मेला समजून ज्याच्यासाठी इतक्या लांब आला, त्याला समोर बसून नाही म्हणणं त्याला जमेना.

परिसंवादाच्या दिवशी ऑक्टोबरचं ऊन होतं आणि सभागृहाचा एसी बंद पडला होता. सकाळी सरांचा फोन आला, "खलीलभाई, तुम्ही येणारच आहात तर येताना कूलर घेऊन याल का? पाहुणे बाहेरगावचे आहेत." असा आमचा बळी टेम्पोत पुढे बसून, मागे कूलर भरून कॉलेजात गेला. मोटरींचं काही झालं तर असावा म्हणून मलाही नेलं. आम्ही दोघांनी कूलर लावले, टाक्या भरल्या, आणि मग खलीलने हात धुऊन, कॉलर नीट करून, व्यासपीठावर 'बळी' लिहिलेल्या पाटीमागे जागा घेतली.

त्याच्या शेजारी नवसाबाई बसल्या होत्या. चांदवड तालुक्यातल्या, कांदेवाल्या. त्या या कामात मुरलेल्या दिसल्या. खलीलचे पाय हलत होते ते बघून त्यांनी विचारलं, "पहिल्यांदाच का?"

"हो."

"घाबरू नका. लय सोपं हे. रडू येत असलं तर मधीच रडून घ्या. शेवटाला कोणी बघत नाय, जेवणाची घाई असती."

खरी अडचण वेगळीच झाली. पत्र्याचा कूलर गार हवा देतो, पण आवाज करतो. सगळे एकदम चालू झाले आणि प्रमुख पाहुणे वाढत्या तापमानावर बोलत होते ते पहिल्या रांगेलाही ऐकू येईना. कूलर बंद केले. ऐकू यायला लागलं, पण लोक वहीने वारा घेत दाराकडे सरकायला लागले. पुन्हा चालू. पुन्हा बंद. शेवटी अध्यक्षांनी तोडगा काढला : विद्वान बोलत असताना कूलर चालू ठेवायचे, बळी बोलत असताना बंद करायचे. बटणापाशी मी होतो.

नवसाबाई उठल्या आणि मी कूलर बंद केले. त्या चांगलं बोलल्या. भिजलेला कांदा, साठवणीच्या चाळीत भरलेला कांदा, चाळीत सडलेला कांदा. बरोबर मधोमध त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं होतं हे सवयीचं असेल, पण खाली बसल्यावर कुणी बघत नसताना त्या बराच वेळ तो पदर काढत नव्हत्या.

मग खलील उठला. सभागृह घामाने निथळत होतं. त्याने माइक दोन्ही हातांनी धरला.

"मी कूलर बनवतो," तो म्हणाला. "ऊन पडलं तर चालतं. यंदा पाऊस पडला." मग त्याने खाली बघितलं. फलक दुसऱ्या रांगेत मान खाली घालून बसली होती. "बाकी ठीक आहे," असं म्हणून तो बसला.

टाळ्या झाल्या. गायधनी सर उठले, मी कूलर चालू केले, आणि खलीलच्या त्या मौनाचा अर्थ सर पुष्कळ वेळ समजावून सांगत राहिले. कुणाला ऐकू आला नाही.

जेवणाच्या वेळी फलक बापाजवळ येऊन उभी राहिली. ताट हातात, पण जेवत नव्हती. "अब्बा, मी तुमची मुलाखत काढून टाकते. दुसरं कुणीतरी बघते."

"राहू दे," खलील म्हणाला. "क्रमांक एक आहे ना माझा? शाळेत कधी आला नव्हता."

ती हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने त्याच्या ताटातली जिलेबी उचलून खाल्ली, त्याला डॉक्टरांनी गोड बंद केलंय असं सांगत. डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नव्हतं.

नवसाबाई मात्र जेवून थेट कूलरपाशी गेल्या. जाळीपुढे हात धरून उभ्या राहिल्या. मग खलीलला हाक मारली. "भाऊ, ह्याच्यातलं पाणी काढलं तर नुसता वारा येतो का?"

"येतो की. पण गार नाही येणार."

"गार कोणाला पाहिजे? कांद्याला गार लागत नाय, कोरडं लागतं. चाळीत दमट हवा कोंडती अन् मधला कांदा नासतो. मला वारा द्या. पाणी तुमचं तुमच्याकडं ठेवा."

खलीलला ते काही खरं वाटेना. कूलरमधून पाणी काढायचं म्हणजे त्याला ट्रंकेचं झाकण काढून विकल्यासारखं वाटत होतं. पण परत आलेला माल दारात उभा होता. आम्ही दोन कूलरांचे पंप आणि गवत काढलं, पंखे उलटेसुलटे करून बघितले आणि टेम्पोने नवसाबाईंच्या चाळीवर गेलो. पहिल्यांदा बसवला तो चुकीच्या बाजूला, सगळी फोलपटं उडून बाईंच्या सुनेच्या तोंडावर. दुसऱ्यांदा खालून बसवला, जमिनीलगत. आठ-दहा दिवसांनी बाईंचा फोन आला. सगळा कांदा वाचला नव्हता. मधला बराचसा आधीच गेलेला होता. पण वास कमी झाला होता आणि शेजारचा विचारत होता, कुठून आणलं.

थंडी पडेपर्यंत अर्ध्याअधिक कूलर गवत आणि पंप काढून चांदवडच्या बाजूला गेले. भिंतीपलीकडून आवाज यायला लागला. मी पुन्हा गिऱ्हाइकांचे ओठ वाचायला लागलो.

गायधनी सर कॅमेरा घेऊन चाळीवर पोचले. आता खलील बळी राहिला नव्हता, तो 'अनुकूलन' झाला होता. अनुकूलन म्हणजे काय, हे खलीलने विचारलं तर सर म्हणाले, तुम्ही जे केलंत ते. पंख्याशेजारी उभं करून त्यांनी फोटो काढला, आणि या वेळी हसायला सांगितलं. पुढे त्यांचा एक लेख छापून आला. त्यात हसणारा खलील आहे, चाळ आहे, पंखा आहे. नवसाबाई नाहीत. नेमक्या तेव्हा त्या चहा करायला आत गेल्या होत्या.

प्रबंधात काय लिहायचं यावर फलकचं सरांशी बरंच वाजलं. सरांचं म्हणणं, एक काहीतरी ठरव : माणूस बळी आहे किंवा अनुकूलन आहे. फायदा तर काढूनच टाक. फलकने तिन्ही ठेवलं. ऊन वाढलं तेव्हा बरं झालं, त्याच उन्हाने मुतखडा दिला, पाऊस आला तेव्हा बुडाला, मग कांद्याने हात दिला, आणि पुढचं माहीत नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेरा मारला : माहिती चांगली, निष्कर्ष स्पष्ट नाही. गुण त्याप्रमाणे मिळाले. पोरगी पास झाली. आता एका संस्थेत लागलीय आणि सुरगाण्याच्या बाजूला पाड्यांवर फिरते. पहिल्याच आठवड्यात तिने घरी फोन करून सांगितलं, की इथे मी बायकांना विहिरीपासून लांब नेऊन, घरात बसून बोलते. त्या म्हणतात, फोटो नाय तर मग आलीस कशाला?

या मार्चमध्ये ती सुट्टीवर आली होती. खलीलने नवा पत्रा आणला होता. अजून दोरीसुद्धा सोडली नव्हती. आम्ही तिघं शेडमध्ये चहा पीत होतो.

"आता तू शिकलेली आहेस," खलील तिला म्हणाला. "सांग, यंदा काय करू? ऊन आहे का पाऊस? कूलर करू का कांद्याचे पंखे?"

"अब्बा, अभ्यास झालेल्या गोष्टीचा असतो. होणाऱ्याचं मला नाही सांगता येत."

"तुझ्या सरांना?"

"त्यांना तर नाहीच."

खलील माझ्याकडे वळला. मी म्हटलं, "मोटर दोन्हीला लागते, मला काय विचारतोस?"

त्याने ग्लास खाली ठेवला, पत्र्याची दोरी सोडली आणि पहिला पत्रा जमिनीवर पसरला. तळ दोन्हीचा सारखाच असतो, असं म्हणून तो खडूने माप टाकायला लागला. फलकने दुसरं टोक दाबून धरलं. त्यानंतर तो काय बोलला ते मला सांगता येणार नाही, कारण त्याने ठोकायला सुरुवात केली होती आणि माझ्या दुकानात गिऱ्हाईक आलं होतं.